पुण्यातील दुचाकी अपघात आणि भरपाईचा हक्क

सायकलींचे शहर म्हणून नावाजलेले पुणे दुचाकींचे शहर झाले ते मुख्यतः १९७० नंतरच्या दोन-तीन दशकांत. बजाज कंपनीचा इटलीच्या पिआज्जो कंपनीशी असलेला परवाना करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली. त्याच वर्षी कायनेटिकची ‘लूना’ निघाली. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लूना मात्र कॉलेजातल्या मुली, शिक्षिका, कारकून अशा सगळ्यांच्या हाती पटकन आली. १९८४ मध्ये गिअर न बदलता चालणारी कायनेटिक होंडा आली. त्यानंतर शंभर सीसीच्या जपानी बनावटीच्या मोटारसायकली आल्या आणि २००१ मध्ये चाकणच्या कारखान्यातून ‘पल्सर’ बाहेर पडली. २०१८ च्या मार्चअखेर पुण्याच्या परिवहन कार्यालयाकडे नोंदलेली वाहने ३६ लाखांच्या पुढे गेली होती. त्यांतली सुमारे २७ लाख दुचाकी होती. पेठांतले रस्ते टांगे आणि सायकली यांच्या हिशेबाने आखलेले, तर बाहेरच्या वळणरस्त्यावर अवजड ट्रक. या दोन्हींच्या मधून हेल्मेटविना जाणारा दुचाकीस्वार हे शहराचे रोजचे चित्र होऊन बसले.

गाड्या वाढल्या तसे अपघातही वाढले. जखमीला मिळणारे कायद्याचे संरक्षण मात्र फार सावकाश पुढे सरकले. इंग्रजी अमदानीत अपघातात माणूस दगावला तर त्याच्या वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याचा आधार होता. हात किंवा पाय गमावून जगलेल्याला तेवढाही नव्हता. त्याने दिवाणी न्यायालयात नुकसानीचा दावा लावायचा, मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरायची, समोरच्याचा निष्काळजीपणा साक्षीपुराव्याने सिद्ध करायचा आणि हुकूमनामा मिळालाच तर वसुलीसाठी पुन्हा खेटे घालायचे. ट्रकमालक कफल्लक निघाला तर हुकूमनाम्याचा कागद हातात राही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ व्यक्तीला होणाऱ्या इजेसाठी विमा सक्तीचा केला. युद्धामुळे ते प्रकरण लांबले आणि १ जुलै १९४६ पासून अमलात आले. भरपाई द्यायला पैसेवाला पक्ष उभा राहिला तो तेव्हापासून.

१९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची वाट मोकळी केली. जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अधिकारी तेथे ‘सदस्य’ म्हणून बसतो आणि दिवाणी दाव्याची लांबलचक कार्यपद्धती बाजूला ठेवून संक्षिप्त चौकशी करतो. पुण्यात हे काम शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात चालते. सुरुवातीला अर्जाची मुदत अवघी साठ दिवसांची होती, पुढे १९६९ मध्ये ती सहा महिने झाली. मांडीचे हाड मोडलेला माणूस साठ दिवसांत धड उभाही राहू शकत नाही, ही साधी गोष्ट कायद्याच्या ध्यानात यायला तेरा वर्षे गेली.

निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे मात्र कायम राहिले. मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या प्रकरणात असे सिद्ध करण्याची गरज नाही, असे मत मुंबई उच्च न्यायालयाने मांडले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ते अमान्य केले. या ओझ्याखाली जखमी आणि वारस भरडले जात होते, हे त्या काळच्या इतर निकालांतूनही दिसते. संसदेने १९८२ मध्ये त्यावर उतारा काढला. चूक कोणाची हे न पाहता मृत्यूसाठी १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये देण्याची तरतूद झाली. ठोकर मारून पळालेल्या अज्ञात वाहनाच्या बळींसाठीही तेव्हाच छोटी रक्कम ठरली. रकमा तुटपुंज्या होत्या. पण चुकीचा शोध लागण्याआधी जखमीच्या हाती काहीतरी पडले पाहिजे हे तत्त्व मान्य झाले, आणि ते मोठे पाऊल होते.

१ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या १९८८ च्या नव्या कायद्याने या रकमा वाढवल्या आणि दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे केले. १९९४ च्या दुरुस्तीने जखमींचे दोन मोठे प्रश्न सोडवले. अर्जाची मुदतच रद्द झाली आणि दावा अपघात झाला तेथेच नव्हे, तर अर्जदार राहतो तेथेही दाखल करता येऊ लागला. नगर रस्त्यावर जायबंदी होऊन लातूरच्या घरी परतलेल्या कामगाराला त्यामुळे तारखांसाठी पुण्याला येण्याची गरज उरली नाही.

दावा उभा राहतो तो कागदांवर. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, रुग्णालयातील नोंद, परिवहन निरीक्षकाने केलेली गाडीची तपासणी, परवाना आणि विमा पॉलिसी हे त्याचे खांब. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणा, काचांचे तुकडे कोठे पडले आणि गाडी दुभाजकापासून किती अंतरावर होती हे लिहिलेले असते. दोन वर्षांनी उलटतपासणीत यातल्या एका ओळीवर दाव्याचे भवितव्य ठरू शकते. अडचण अशी की हा पंचनामा होतो तेव्हा जखमी माणूस ससूनच्या किंवा दुसऱ्या एखाद्या रुग्णालयाच्या खाटेवर बेशुद्ध असतो. त्याची बाजू सांगायला जागेवर कोणी नसते आणि उभ्या राहिलेल्या चालकाचे म्हणणे आधी कागदावर येते. म्हणूनच नातेवाइकांनी पहिल्या दोन-चार दिवसांतच प्रत्यक्षदर्शींची नावे आणि छायाचित्रे गोळा करून ठेवणे फार मोलाचे ठरते.

जखमीच्या भरपाईचे गणित मृत्यूच्या दाव्यापेक्षा अवघड असते. उपचारांचा खर्च आणि बुडालेली मजुरी एकीकडे, वेदना आणि गमावलेले आयुष्याचे सुख दुसरीकडे, असे दोन भाग सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या हट्टंगडी प्रकरणात स्पष्ट झाले. २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणकांचा तक्ता दिला. २०१० च्या राजकुमार निकालाने सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितली. डॉक्टरांच्या दाखल्यावरचे अपंगत्वाचे टक्के आणि कमाईत पडलेली तूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेला कारकून नोकरी टिकवू शकेल, सुताराचा धंदाच बसेल. महिना २० हजार कमावणाऱ्या २८ वर्षांच्या सुताराची कमावण्याची ताकद ४० टक्क्यांनी घटली असे न्यायाधिकरणाने मानले, तर वर्षाच्या २ लाख ४० हजारांत भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवून ३ लाख ३६ हजार होतात. त्याचे ४० टक्के म्हणजे १ लाख ३४ हजार ४०० आणि त्याला वयाच्या गुणकाने म्हणजे १७ ने गुणले की २२ लाख ८४ हजार ८०० रुपये. औषधोपचार आणि वेदनांची रक्कम त्यावर वेगळी. मजुरीचा पुरावा नसला की मूळ आकडाच खाली येतो आणि रोजंदारीवरच्या माणसाचे नुकसान तेथेच होते.

दुचाकीस्वाराची सर्वांत दुबळी बाजू विम्याच्या अटींत दडलेली आहे. सक्तीचा विमा असतो त्रयस्थासाठी. स्वतःच्या चुकीने घसरून पडलेला मालक त्यात बसत नाही. मागे डबलसीट बसलेली व्यक्तीही केवळ सक्तीच्या पॉलिसीत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या तिलक सिंग प्रकरणात सांगितले. सर्वंकष म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर मागे बसलेल्यालाही संरक्षण मिळते, हे विमा नियामकाच्या २००९ च्या परिपत्रकानंतर आणि पुढच्या निकालांनी पक्के झाले. मित्राची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, हे २००९ च्या निंगम्मा निकालामुळे अनेक कुटुंबांना उशिरा कळले. मालक-चालकासाठीचे वैयक्तिक अपघात संरक्षण दुचाकीला एक लाखाचे होते, ते २०१८ मध्ये १५ लाखांवर गेले. त्याच वर्षी नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घेणे बंधनकारक झाले, कारण दुसऱ्या वर्षापासून विम्याचे नूतनीकरण न केलेल्या दुचाकी रस्त्यावर मोठ्या संख्येने होत्या. थोडे पैसे वाचवण्यासाठी पॅकेज पॉलिसी सोडणे घरातल्या माणसांना फार महागात पडते.

हेल्मेटचा वाद पुण्याने जितका ताणला तितका क्वचितच दुसऱ्या शहराने ताणला असेल. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कारवाई जोरात सुरू केली तेव्हाही विरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली. या विरोधाची किंमत डोक्याला मार लागलेल्यांनी मोजली. दाव्यातही हेल्मेट नसणे हा सहभागी निष्काळजीपणा ठरवून रक्कम कापण्याचा आग्रह विमा कंपनी धरते. ट्रिपलसीटच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या मोहम्मद सिद्दीकी निकालात तारतम्य दाखवले. तिघे बसले होते एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही, त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते.

गरीब जखमीला वकील मिळावा यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग आणि ठरावीक उत्पन्नाखालचे लोक यांना जिल्हा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अपघातात अपंगत्व आलेल्याला अपंग म्हणूनही हा हक्क सांगता येतो, हे बहुतेकांना माहीत नसते. लोकअदालतीत अपघाताचे दावे मोठ्या संख्येने मिटतात. तेथे भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून घाईने सही करणे धोक्याचे असते. भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवायला वकिली व्यवसायाच्या नियमांत मनाई आहे. तरीही रुग्णालयाच्या दारात टक्केवारीची बोली करणारे दलाल भेटतात. मिळालेली रक्कम अशा हातांत जाऊ नये म्हणून अशिक्षित आणि अज्ञान अर्जदारांचे पैसे मुदत ठेवीत ठेवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सुसम्मा थॉमस प्रकरणात दिले होते.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतील भरपाईचे नवे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा आहे. पळून गेलेल्या वाहनाच्या बळींची रक्कम मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार झाली. मे २०२५ पासून अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचारांची योजनाही आली. या चांगल्या गोष्टींसोबत अर्जासाठीची सहा महिन्यांची मुदत मात्र परत आली. १९९४ मध्ये जाणीवपूर्वक काढलेली अट पुन्हा घालणे हा जखमींवर अन्यायच आहे, आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. निर्णय काहीही लागो, ज्यांच्या घरी असा अपघात झाला असेल त्यांनी अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत शिवाजीनगरला किंवा आपल्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात अर्ज दाखल करावा.