हाली सिक्का

हाली सिक्का हे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे चलन होय. उत्तरकाळात त्याचे अधिकृत नाव 'उस्मानिया सिक्का' असे होते. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत या संस्थानात असल्यामुळे तेथील शेतसारा, सरकारी पगार आणि बहुतेक देणीघेणी याच चलनात होत. जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात, मात्र ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया चालत असे. त्याला मराठवाड्यात 'कलदार' म्हणत.

नाव

'हाली' म्हणजे चालू काळातले, प्रचलित. मराठीतील 'हल्ली' हा शब्दही त्याच अरबी मुळाचा आहे. पूर्वी संस्थानात गोविंदबक्षीसारखे अनेक स्थानिक रुपये फिरत. त्यांच्यापासून चालू नाणे वेगळे ओळखता यावे म्हणून हे नाव रूढ झाले. 'कलदार' म्हणजे कळीवर, अर्थात यंत्रावर पाडलेला रुपया. पुढे हाली नाणीही यंत्रावर पडू लागली, तरी कलदार हे नाव ब्रिटिश रुपयालाच चिकटून राहिले.

नाणी व नोटा

विसाव्या शतकातील हाली रुपयावर चारमिनारचे चित्र असे. एका रुपयाचे १६ आणे व एका आण्याच्या १२ पै असा हिशेब होता. पहिल्या महायुद्धात चांदीची तीव्र टंचाई झाली, तेव्हा १९१८ साली कायदा करून संस्थानाने १० व १०० रुपयांच्या नोटा काढल्या. १ व ५ रुपयांच्या नोटा त्यानंतर आल्या. स्वतःच्या नोटा काढण्याची मुभा ब्रिटिशांनी या काळात केवळ हैदराबादलाच दिली होती. नोटांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषांतही रक्कम लिहिलेली असे. १९४२ पासून चलनाची व्यवस्था हैदराबाद स्टेट बँकेकडे होती.

कलदाराशी दर

स्थिरावलेला दर ७ हाली रुपयांस ६ कलदार असा होता. म्हणजे १०० कलदारांसाठी ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. हा दर मनमानी नव्हता. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम व त्यात चांदी शेकडा ८१.८; कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम व चांदी शेकडा ९१.७. दोहोंतील शुद्ध चांदीची तुलना केली, तर प्रमाण जवळजवळ ६ ला ७ असेच येते. प्रत्यक्ष बाजारात दर याच्या थोडा वरखाली होई आणि सराफ अदलाबदलीवर बट्टा घेत.

बीड जिल्ह्यातील जुनी खरेदीखते, गहाणखते व सावकारी वह्या वाचताना याचा विसर पडता कामा नये. निव्वळ 'रुपये ७००' या आकड्यावरून रकमेचे मोल कळत नाही. ते हाली असतील तर कलदार ६०० होतात; कलदार असतील तर हाली ८१६ च्या वर जातात. जाणकार लेखनिक म्हणूनच रकमेपुढे 'हाली' किंवा 'कलदार' असे स्पष्ट लिहीत. स्थानिक इतिहास लिहिणारे पुष्कळ जण दोन्ही जिल्ह्यांतील भाव सरळ शेजारी मांडतात. ती तुलना मुळातच चुकते.

करोडगिरी

चलनाबरोबर जकातीचीही सीमा होती. संस्थानाच्या जकात खात्यास 'करोडगिरी' म्हणत. १८०२ च्या तहापासून शेकडा ५ हा दर प्रमाण मानला गेला होता. आष्टीच्या शेतकऱ्याला नगरची पेठ जवळची. पण तेथे माल नेताना नाक्यावर जकात द्यायची, मालाचे पैसे कलदारात घ्यायचे आणि सारा भरण्यासाठी त्यांचे पुन्हा हाली करायचे, असा दुहेरी भार त्याच्यावर पडे.

चलन आणि सार्वभौमत्व

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर थोड्याच काळात निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर निर्बंध आले. दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात वैध राहिले नाही. शिवाय पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्या कर्जरोख्यांच्या रूपाने देण्यात आले. हा करारभंग आहे, असे भारत सरकारचे म्हणणे होते. उलट हैदराबादने भारतावर आर्थिक नाकेबंदीचा आरोप केला. नाण्याचा प्रश्न येथे उघडपणे सत्तेचा प्रश्न झाला होता. सीमेवरच्या गावांना त्याची झळ अधिक बसणे साहजिक होते, कारण त्यांची बाजारपेठच पलीकडे होती. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हा वाद संपला.

चलनातून निवृत्ती

१९५० मध्ये भारतीय रुपया ७ ला ६ याच दराने हालीबरोबर चालू झाला. १९५१ पासून नवे हाली चलन काढणे थांबले, तरी ते पूर्णतः बाद झाले १९५९ मध्ये. दरम्यान १९५६ साली बीड जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १ एप्रिल १९५७ रोजी देशभर दशमान नाणी सुरू झाली. त्यामुळे जिल्ह्यातील लोकांना दहा वर्षांच्या आत हालीवरून भारतीय रुपयावर आणि आण्यांवरून नव्या पैशांवर, असे दोनदा हिशेब बदलावे लागले.