नॉव्हेल, रोमान्स आणि 'कादंबरी'

राहात्यातील वर्गात मराठी कादंबरीचा आरंभ शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : विधवांच्या स्थितीचे निरूपण करणारी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही कादंबरी असेल, तर अद्भुतात रमणाऱ्या हळब्यांच्या 'मुक्तामाला'ला (१८६१) आणि रिसबुडांच्या 'मंजुघोषा'लाही (१८६८) कादंबरीच का म्हणायचे? या प्रश्नाच्या मुळाशी दोन इंग्रजी संज्ञांचा इतिहास आहे.

'नॉव्हेल' आणि 'रोमान्स' या संज्ञा इंग्रजीत दीर्घकाळ सरमिसळ वापरल्या जात. क्लारा रीव्ह यांनी १७८५ मध्ये त्यांची वाटणी केली. लेखकाच्या काळातील प्रत्यक्ष जीवनाचे व रीतिभातींचे चित्र ते नॉव्हेल. जे कधी घडले नाही आणि घडण्याचा संभवही नाही, त्याचे भारदस्त वर्णन तो रोमान्स. स्कॉटने 'आयव्हॅन्हो'ला मुखपृष्ठावरच 'रोमान्स' म्हटले. मात्र ही वाटणी सार्वत्रिक नव्हे. फ्रेंच व जर्मन भाषांत एकच संज्ञा दोहोंना पुरते.

मराठीनेही एकच संज्ञा स्वीकारली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकात 'नावल' हा शब्द योजला होता. तो रुजला नाही. गुजरातीने 'नवलकथा' आणि बंगाली-हिंदीने 'उपन्यास' पत्करला. मराठीने बाणभट्टाच्या कृतीच्या विशेषनामाचे सामान्यनाम केले. बाणाची कथा जन्मजन्मांतरीच्या प्रेमाची, म्हणजे रोमान्सच्या जवळची. पुढे मात्र हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'सारख्या कृती आदर्श ठरल्या. नाव रोमान्सच्या कुळातले आणि निकष नॉव्हेलचा, अशी ही विसंगती आहे.

तिचा परिणाम वाङ्मयेतिहासावर झाला. १८६० च्या दशकातील अद्भुतरम्य कृती 'अपरिपक्व कादंबऱ्या' ठरल्या. वस्तुतः 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबुड यांनी आपली भूमिका स्पष्ट केली होती. विवाहाच्या रूढी व इतर कारणांमुळे आपल्या लोकांच्या नित्य जीवनात मनोवेधक असे काही आढळत नाही, म्हणून रंजक ग्रंथ लिहिणाऱ्यास अद्भुताकडे वळणे भाग पडते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. रिसबुड नॉव्हेल लिहू पाहत होते आणि त्यात फसले, असे म्हणता येत नाही. ज्या समाजात विवाह बालपणीच ठरतो, तेथे प्रेमकथेला प्रत्यक्षात जागा कोठे, ही त्यांची अडचण होती. तिच्यात समाजटीकाच दडलेली आहे. पदमनजींनी ज्या रूढींचे चित्रण केले, तशाच रूढींमुळे रिसबुडांनी वास्तवाकडे पाठ फिरवली.

आज मराठीत 'रोमान्स' म्हणजे केवळ प्रेमप्रकरण. त्याचा वाङ्मयप्रकारवाचक अर्थ लोपला आहे. इंग्रजी भेद जसाच्या तसा आयात करावा, असा येथे आग्रह नाही. पण एखादी कृती अपयशी ठरवण्यापूर्वी ती काय होऊ पाहत होती, हे विचारले पाहिजे. 'कादंबरी' या एकाच संज्ञेने ते विचारण्याची आपली सवय मोडली आहे.