दिजों मोहरी आणि ऑर्लेआँचा व्हिनेगर

कोंबडीच्या या पाककृतीत व्हिनेगर आरंभी आणि मोहरी भांडे चुलीवरून उतरवल्यावर घालण्याची सूचना आहे, व हा क्रम कटाक्षाने पाळावा. मोहरीचा अख्खा दाणा झोंबत नाही. तो ओला करून वाटला की मायरोसिनेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, दाण्यातील सिनिग्रिन या द्रव्याचे विघटन करते आणि नाकात झिणझिण्या आणणारे तेल सुटते, जे उकळीत वाफेबरोबर निघून जाते. महाराष्ट्रात लोणच्यासाठी मोहरी फेसतात तेव्हा हीच क्रिया घडते. मात्र बर्गंडीतील दिजों शहराच्या पद्धतीत दाण्यांची साले गाळून काढतात आणि वाटताना आंबट द्रव वापरतात, कारण आम्लामुळे तिखटपणा टिकून राहतो. हा द्रव पूर्वी व्हिनेगर असे. १८५६ मध्ये जाँ नेजों यांनी त्याऐवजी कच्च्या द्राक्षांचा रस वापरला, असे मानले जाते. ‘दिजों मोहरी’ आज कोठेही बनवता येते. भौगोलिक नामसंरक्षण २००९ पासून ‘बर्गंडी मोहरी’ला आहे.

ऑर्लेआँचा व्हिनेगर ओकच्या अर्धवट भरलेल्या पिंपांत सावकाश तयार होतो: वाइनच्या पृष्ठभागावर जिवाणूंची साय धरते, हवेच्या साहाय्याने मद्यार्काचे आम्ल होते, आणि तयार व्हिनेगर थोडा काढून तितकीच नवी वाइन ओततात. कोंबडी परतल्यावर तळाशी चिकटलेला खरपूस अंश या व्हिनेगरने सोडवून तो आटवल्यास उग्र वास उडतो, आणि द्राक्षाची चव मात्र रश्श्यात राहते.