पिशवी तुमच्या हातात आहे

२७ ऑगस्ट १९५२. तुम्ही कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात उभे आहात. शहरात पोलिओची साथ आहे. एकेका दिवशी पन्नासेक नवे पेशंट येतात. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांसाठी यंत्रं आहेत मोजून सात: एक लोखंडी टाकी आणि छातीवर बसवायची सहा कवचं. यंत्रावर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ दगावले आहेत.

समोरची मुलगी बारा वर्षांची. घामाने निथळलेली, स्वतःच्याच लाळेत गुदमरणारी. गळ्याला छेद देऊन तिच्या श्वासनलिकेत रबरी नळी बसवली आहे. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन नळीला जोडलेली पिशवी दाबतात, पण मुलगी तडफडते आहे आणि हवा आत जात नाही. बघायला जमलेल्यांपैकी काही डॉक्टर काढता पाय घेतात. इब्सेन तिला पेंटोथाल हे भुलीचं औषध देतात. अंग सैल पडतं, पुढच्या दाबाला छाती उचलली जाते. नळीतून स्राव ओढून काढतात, पुन्हा दाबतात. घाम ओसरतो, चढलेला रक्तदाब उतरू लागतो.

अशा रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसे, आणि इथले डॉक्टर त्याला कसलासा अनाकलनीय अल्कधर्मी बिघाड समजत होते. इब्सेन म्हणाले, हा साठलेला कार्बन डायऑक्साइड आहे. ज्याचं रोजचं काम भूल दिलेल्या माणसाचा श्वास सांभाळण्याचं, त्याला हे दिसलं.

आता काही आठवडे पुढे चला. तुम्ही वैद्यकीचे विद्यार्थी, रात्रीची शिफ्ट, पिशवी तुमच्या हातात. तुमच्यासारखे सुमारे दीड हजार विद्यार्थी आळीपाळीने हेच करताहेत. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण अशा हातांवर जगताहेत. दाबा. सोडा. पुन्हा दाबा. रुग्ण जागा असेल तर डोळ्यांनीच सांगेल, जोरात की हळू.

पिशवी आणि रुग्णाचा गळा यांच्यामध्ये एक धातूचा डबा आहे. त्याला हात लावून बघा: गरम लागेल. आत सोडालाईमचे खडे आहेत, मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानाला लावतात तोच चुना, शिवाय थोडं पाणी आणि थोडा कॉस्टिक सोडा. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळतो, त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो. उष्णता आणि पाणी सुटतं. सिलिंडरमधून अर्धा ऑक्सिजन, अर्धा नायट्रोजन असा ताजा वायू येत राहतो, जादा झालेला झडपेतून निसटतो. राल्फ वॉटर्स यांनी ही मांडणी १९२४ मध्ये अमेरिकेत सांगितली. सोपी, पण अवघड जागी बसलेली: डबा गळ्यापाशी लटकतो, खडे नीट भरले नाहीत तर वायू मोकळ्या फटीतून निसटतो, आणि चुन्याची भुकटी श्वासनलिकेकडे जाऊ शकते.

या उपचारानंतर मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून हळूहळू २५ टक्क्यांच्या आसपास आलं. ही किमया हातांची, हे खरं. पण डब्याची जागा मला त्यांच्या बरोबरीची वाटते. डब्याशिवाय नुसतं दाबत राहिलं असतं, तर रुग्णाने सोडलेलाच वायू त्याच्या छातीत परत ढकलला असता.

डोळे मिटा आणि आजच्या ऑपरेशन थिएटरमध्ये उघडा. भूलयंत्राला दोन पन्हाळीदार नळ्या जोडल्या आहेत, रुग्णापाशी त्या एकत्र येतात. ब्रायन स्वोर्ड यांनी १९३० मध्ये वर्तुळाची ही पद्धत मांडली, म्हणजे ती इब्सेनच्या त्या दिवसाआधीच आलेली होती. एक नळी आत येण्याची, एक बाहेर जाण्याची. प्रत्येकीवर एक झडप, एकेरी वाहतुकीसारखी. व्हेंटिलेटरची भाती दाबली जाते, वायू चुन्याच्या डब्यातून स्वच्छ होतो, त्यात ताजा वायू मिसळतो, आत येणारी झडप उघडते. सोडताना ती बंद, दुसरी उघडी. भूल देणारी वाफ वाया न जाता फिरत राहते, म्हणून मिनिटाला एक लिटर किंवा त्याहूनही कमी ताज्या वायूवर काम भागतं; विसावलेल्या शरीराला ऑक्सिजन लागतो तो मिनिटाला साधारण पाव लिटर. खड्यांत मिसळलेला रंग चुना संपत आला की जांभळा होतो.

बाहेर जाणारी झडप नीट बंद झाली नाही तर काय? सोडलेला वायू पुढच्या श्वासात परत येतो. बोटावरचा ऑक्सिमीटर बराच वेळ ९९ दाखवत राहतो, कारण ऑक्सिजन भरपूर आहे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफची रेघ मात्र श्वास आत घेतानाही शून्यावर उतरत नाही. मॉनिटरसमोर उभं राहायची वेळ आली तर आधी त्या रेघेचा तळ बघा, ऑक्सिजनचा आकडा नंतर.