'विक्षिप्त' या विशेषणाआड

मराठी वाङ्मयेतिहासात काही विशेषणे अशी आहेत, की ती एकदा लावली म्हणजे पुढचा विचार थांबतो. 'विक्षिप्त', 'लहरी', 'तऱ्हेवाईक', 'छांदिष्ट' ही त्यांतलीच. खानदेशाशी ज्यांची नावे कायमची जोडली गेली, त्या दोघांच्या वाट्याला ती भरपूर आली: धुळ्यास देह ठेवणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि धरणगावी जन्मलेले बालकवी ठोंबरे. अलीकडे एडीएचडी, स्वमग्नता, 'न्यूरोडायव्हर्सिटी' ही परिभाषा आपल्या वर्गांत पोचली आहे, आणि जुन्या विशेषणाच्या जागी नवे निदान चिकटवण्याचा मोह अनेकांना होतो. मृताची तपासणी करता येत नाही. एडीएचडीचे निदान तर बालपणापासून, घरी आणि शाळेत अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणाऱ्या वर्तनावरून होते. तेव्हा निदानाच्या वाटेला आम्ही जात नाही. आमचा प्रश्न निराळा आहे: ठरावीक साच्यात न बसणारा माणूस रोजचे आयुष्य जगला कसा, आणि त्यासाठी भोवतालच्यांनी काय केले?

राजवाड्यांनी याची साक्ष स्वतःच ठेवली आहे. 'कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव' हा त्यांचा लेख शिक्षणावरची टीका म्हणून वाचला जातो. तो एका न रमणाऱ्या विद्यार्थ्याचे टिपण म्हणूनही वाचावा. मॅट्रिक झाल्यावर बी. ए. होण्यास त्यांना आठ-नऊ वर्षे लागली. या काळात ते आळसात लोळत नव्हते. नेमलेले सोडून न नेमलेले वाचत होते. पुढे शिक्षकाची नोकरी त्यांनी थोड्याच वर्षांत सोडली. पण हाच माणूस दप्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट करी, स्वतः रांधून खाई, आणि 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे 22 खंड उभे करी. अवधान नव्हते असे कोण म्हणेल? अवधान होते, पण ते दुसऱ्याच्या हुकमाने येत नव्हते. 'राधामाधवविलासचंपू'ची प्रस्तावना ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे मन ओळखीचे आहे. शहाजीवरून निघालेला विषय भाषा, वंश, समाज असा कोठच्या कोठे जातो. परीक्षकाने याला विषयांतर म्हणून गुण कापले असते.

याची किंमतही होती, आणि ती झाकणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. 1910 मध्ये पुण्यास ज्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत ते होते, त्याच्याशी त्यांचे पटले नाही. ज्या पोथीवरून त्यांनी 'ज्ञानेश्वरी' छापली, ती पुढच्या अभ्यासकांच्या हाती लागली नाही. सहकाऱ्यांना त्यांच्या रागाचा ताप झाला. 'प्रतिभावंताला सारे माफ' या न्यायाने आपण हे सोडून देतो. त्याच स्वभावाच्या, पण प्रतिभा नसलेल्या विद्यार्थ्याला मात्र 'बेशिस्त' म्हणून बाकावर उभे करतो.

बालकवींच्या बाबतीत गोष्ट अधिक हळवी केली गेली. 1907 च्या जळगाव येथील कविसंमेलनात या किशोराला अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी 'बालकवी' म्हटले. रेव्हरंड टिळकांनी त्यांना अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले. 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रूळ ओलांडताना ते आगगाडीखाली सापडले. 'भान हरपलेला कवी' ही प्रतिमा त्या मृत्यूवरच उभी आहे. सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा अपघात हा त्याच्या काव्याचा पुरावा मानू नये, आणि लक्षणाचाही मानू नये.

त्यापेक्षा टिळकांचे घर पाहावे. 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र तर आहेच. शिवाय एका उतावळ्या, हातात पैसा न ठरणाऱ्या, रागाच्या भरात घर सोडून जाणाऱ्या कवीबरोबर संसार कसा चालतो, याचा तो मराठीतला फार तपशीलवार वृत्तान्त आहे. लक्ष्मीबाई हसतात, भांडतात, पण हिशेब त्याच सांभाळतात. त्याच घरात ठोंबरेही राहिले. घरातल्या त्या श्रमाला वाङ्मयेतिहासात नाव नाही. (आमच्या मते 'प्रतिभा' या सदराखाली जे जमा होते, त्यातले बरेचसे या खात्यावरचे आहे.)

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार आले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहेत. एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. म्हणजे जळगावच्या वा धुळ्याच्या महाविद्यालयात असा विद्यार्थी आला, तर त्याचे बरेच काही समोरच्या शिक्षकाच्या समजुतीवर ठरते. काम तुकड्यांनी मागणे, तारीख दोनदा आठवण करून देणे, फिरत फिरत पाठ करू देणे, तोंडी सांगितलेले फळ्यावर लिहिणे: यांतले काहीच खर्चाचे नाही.

धुळ्यापुरते सांगायचे, तर तेथील माणसांनी हे एकदा केलेले आहे. अखेरच्या दिवसांत भास्कर वामन भट आदी मंडळींचा राजवाड्यांना आधार होता. 31 डिसेंबर 1926 रोजी ते वारले, आणि 1927 मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यास उभे राहिले. मागे राहिलेल्या लेखनाची विल्हेवाट लावण्याचे कंटाळवाणे काम इतरांनी अंगावर घेतले. त्यांचा मराठी धातुकोश कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाने 1937 मध्ये बाहेर आला, राजवाडे गेल्यानंतर अकराव्या वर्षी.