चिंचोक्याचें मोल

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यांत सिरसाळा नांवाचें गांव आहे. माघ-फाल्गुनांत त्या बाजूच्या कोणत्याहि गांवीं गेल्यास एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. बांधावरच्या चिंचा झोडपून अंगणांत ढीग घातलेला असतो. बायका सभोंवार बसून टरफलें काढीत असतात, शिरा सोडवीत असतात आणि गर फोडून चिंचोके वेगळे करीत असतात. गर मिठाचा हात लावून मडक्यांत भरला जातो; वर्षाच्या आमटीची तरतूद होते. चिंचोके मात्र कोपऱ्यांत लोटले जातात. ‘पैसे म्हणजे काय चिंचोके आहेत?’ असें घरांतील वडील माणूस उधळ्या मुलाला विचारतो, तेव्हां चिंचोका म्हणजे कवडीमोल वस्तु हें त्यानें गृहीतच धरलेलें असतें. इतिहासाचा निवाडा मात्र वेगळा आहे.

चिंचेला अरबांनीं ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असें म्हटलें आणि त्यावरून युरोपांतील भाषांत ‘टॅमरिंड’ हा शब्द रूढ झाला. गोव्यांत राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याचा हिंदुस्थानांतील औषधींवरचा संवादरूप ग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यासच छापला गेला. त्यांत चिंचेचीहि चर्चा आहे. खजुराच्या झाडाशीं चिंचेचें कांहीं साम्य नसतांना अरबांनीं हें नांव कां दिलें, याचें कारण तो शेंगेंतील बियांत शोधतो. पुढें लिनीअसनें १७५३ सालीं ‘टॅमरिंडस इंडिका’ असें शास्त्रीय नांव देऊन चिंचेच्या हिंदीपणावर शिक्कामोर्तब केलें.

गंमत अशी कीं, चिंचेचें माहेर हिंदुस्थान नव्हे. तें उष्ण आफ्रिका होय, असें बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. सेनेगलांतील वोलोफ भाषेंत चिंचेला ‘दखार’ म्हणतात व त्या देशाची राजधानी डकार हिचें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात. परंतु हा पाहुणा आपल्याकडे फार जुना आहे. उत्तर प्रदेशांत नरहन येथील उत्खननांत चिंचेच्या लाकडाचा कोळसा सांपडला असून त्याचा काळ ख्रिस्तपूर्व १३०० च्या सुमाराचा धरतात. अमरकोशांत तिंतिडी, चिंचा, अम्लिका अशीं तिचीं नांवें आहेत. पुढें आफ्रिकेंतलेंच दुसरें एक अवाढव्य झाड दख्खनेंत आलें, तेव्हां लोकांनीं त्याला ‘गोरखचिंच’ म्हटलें. तें चिंचेच्या कुळांतलें नव्हे. पण नव्या परक्याची ओळख जुन्या परक्यावरून पटावी, इतकी चिंच तोंवर घरची झाली होती.

चिंच ही तूर, हरभरा, घेवडा यांच्याच शेंगाकुळांतली. पण तुरीची शेंग वाळली कीं तडकते आणि दाणे बाहेर पडतात. चिंचेची शेंग खडखडीत वाळली तरी आपण होऊन उकलत नाहीं. कोवळेपणीं तिची साल गराला चिकटलेली असते, चिंच गाभुळली कीं ती सुटूं लागते, आणि पिकल्यावर तर बोटाच्या दाबानें फुटते. पुष्कळ फळांतलें आम्ल पिकतांना उतरतें. चिंचेंतील टार्टरिक आम्ल मात्र फारसें उतरत नाहीं. साखर तेवढी वाढत जाते. म्हणून पिकली चिंच एकाच वेळीं आंबट आणि गोड लागते. या चवीच्या लोभानें वानरें आणि माणसें शेंग फोडतात, गर चोखतात आणि बीं दूर नेऊन टाकतात. गर ही जणुं वाहतुकीची मजुरी. झाडाची खरी ठेव बियांत असते.

एका शेंगेंत एकापासून दहा-बारापर्यंत चिंचोके निघतात. ते चापट, चौकोनी अंगाचे, तांबूस काळे आणि तुकतुकीत असतात. वजनाचा सुमारें तीन दशांश भाग टरफलाचा व बाकीचा आंतल्या पांढऱ्या डाळीचा. टरफल तुरट व कठीण. पण भाजलें कीं सुटून येतें. खरें वैशिष्ट्य डाळींत आहे. ज्वारी-गव्हाच्या दाण्यांत पिष्टाचा सांठा असतो. चिंचोक्यांत त्याच्या जागीं ‘झायलोग्लुकन’ नांवाचा एक निराळा पदार्थ पेशींच्या भिंतींत सांठविलेला असतो. गरम पाण्यांत तो फुगतो आणि त्याची दाट, चिकट खळ होते.

हें रसायन ठाऊक नसतांहि तिचा उपयोग आपल्या लोकांना ठाऊक होता. दुष्काळांत चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून किंवा शिजवून लोकांनीं पोट भरलें. दुभागलेले चिंचोके मुलांच्या पटावर फांसे झाले. एक बाजू काळी, एक पांढरी. सावंतवाडीच्या कारागिरांनीं गंजिफाच्या पानांना घट्टपणा आणण्यास चिंचोक्याचीच खळ वापरली. घोंगडीं विणणाऱ्या सणगर-धनगरांच्या घरीं तर चिंचोक्यावांचून काम अडे. भिजविलेले चिंचोके वाटून, शिजवून केलेली खळ कुंच्यानें लोकरीला लावीत. मग घोंगडें ताठ राही आणि पावसापाण्यांत टिके.

दुसऱ्या महायुद्धांत ही गोष्ट प्रयोगशाळेपर्यंत पोंचली. कापडाच्या गिरणींत ताण्याचें सूत मागावर घांसून तुटूं नये म्हणून त्याला आधीं कांजी द्यावी लागते. ही कांजी मका, गहू अशा खाण्याच्या धान्यांच्या पिठाची असे. युद्धकाळांत दुसऱ्या द्रव्याचा शोध सुरू झाला, आणि १९४२ मध्यें टी. पी. घोष व एस. कृष्ण या दोन हिंदी शास्त्रज्ञांनीं टरफल काढलेल्या चिंचोक्यांत घट्ट खळ होणारा पदार्थ भरपूर असल्याचें दाखविलें. १९४३ पासून त्याचें उत्पादन सुरू झालें. त्याच वर्षीं बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. अशा काळांत माणसाच्या तोंडचें धान्य सुताच्या कांजींत न घालतां भागवितां येणें, ही लहानसहान गोष्ट नव्हती.

आज चिंचोक्याचें पीठ कापडाच्या छपाईला लागतें. त्यांतील शुद्ध केलेला पदार्थ जपानांत खाद्यपदार्थ दाट करण्यास आणि कोरड्या पडणाऱ्या डोळ्यांच्या औषधांतहि वापरतात. शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, तें योग्यच झालें. घोष व कृष्ण यांचीं नांवेंहि ग्रंथांत नमूद आहेत, तींहि असावींतच. परंतु ज्या विणकरानें पहिल्यानें चिंचोके वाटून लोकरीला लावून पाहिले, त्याचें नांव कोणीं टिपलें नाहीं. आणि दुष्काळांत ते भाजून ज्या आईनें मुलें जगविलीं, तिचेंहि नाहीं.

चिंचेचें झाड बियांपासून वाढून फळाला येण्यास कित्येक वर्षें लागतात. मग तें पिढ्यान् पिढ्या फळ देतें. रस्ता रुंद करतांना अथवा बांध मोडतांना कुऱ्हाड उचलणाऱ्यानें एवढा हिशेब तरी मनांत धरावा. लावणाऱ्याचें नांव कोणाला ठाऊक नसतें. त्याचें देणें मात्र दर फाल्गुनांत सिरसाळ्याकडच्या अंगणांतून ढिगानें पडलेलें असतें.