ब्रेकमधील हवा

हुबळीहून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी धारवाड, अळणावर, लोंढा ही स्थानके मागे टाकीत कॅसलरॉकला येते आणि तेथे थांबते. पुढे घाट आहे. कुळेपर्यंतची उतरण सदतीस फुटांस एक फूट या प्रमाणाची असल्याने ब्रेकची तपासणी झाल्यावाचून येथून गाडी खाली सोडीत नाहीत. हा लोहमार्ग १८८८ साली पुरा झाला. दक्षिण मराठा रेल्वे कंपनी १८८२ मध्ये स्थापन झाली होती आणि तिच्या कारखान्यामुळे हुबळीस लोहार, फिटर, कातारी यांची एक नवी वस्तीच उभी राहिली. कापसाच्या बाजारपेठेचे हे गाव यंत्रांचेही गाव झाले, ते या घाटामुळे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

त्या काळच्या आगगाडीचा ब्रेक हवेच्या अभावावर चाले. गाडीखालून गेलेल्या नळीतील हवा इंजिनातून शोषून घेतली जाई. नळी पोकळ असेतोवर चाके मोकळी राहत. चालकाने नळीत हवा सोडली की बाहेरच्या वातावरणाचा दाब दट्ट्याला ढकली आणि ब्रेक चाकांस भिडत. या रचनेतले खरे शहाणपण असे, की गाडीची सांखळी तुटली, नळी फाटली, तरी हवा आपोआप आत शिरून गाडी थांबे. हे शहाणपण जगास स्वस्तात मिळालेले नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीस निघालेली मुलांची गाडी चढावर अडली. ती दोन भागांत तोडण्यात आली, आणि इंजिनापासून सुटलेल्या मागील डब्यांचा ब्रेक निकामी होऊन ते उतारावरून मागे धावले. ८० माणसे गेली. त्यांत मुलेही होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून उतारूंच्या गाड्यांस स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला.

आगगाडीत हवा ही अशी चालकाची दासी. मोटारीत मात्र तीच हवा वैरीण ठरते.

बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात दाखविले. त्याचा उपयोग मोटारीच्या चाकांसाठी करण्याचे श्रेय माल्कम लॉगहेड या अमेरिकन यंत्रज्ञाकडे जाते. आपल्या आडनावाचा उच्चार लोकांस साधेना म्हणून त्या घराण्याने पुढे 'लॉकहीड' असे सुटसुटीत लेखन पत्करले, आणि त्याच नावाने विमानेही निघाली व ब्रेकही. १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना द्रवाचे ब्रेक आले. १९२४ मध्ये क्रायस्लरने त्यांची रबरी वॉशरे सुधारून ते सामान्य मोटारीत आणले. आरंभीच्या काळी नळ्यांतून वाहणारे ब्रेक ऑईल हे एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असे. ज्या एरंडेलाच्या नावाने घरोघरची मुले तोंड फिरवीत, त्यानेच मोठमोठ्या मोटारी थांबत, ही गंमत नोंदण्याजोगी आहे.

द्रव दाबला जात नाही. हवा दाबली जाते. नळीत हवेचा एवढासा बुडबुडा राहिला तरी पायाचा जोर तो बुडबुडा चेपण्यातच खर्ची पडतो, आणि पेडल स्पंजासारखे लागते. म्हणून हवा बाहेर काढण्यासाठी प्रत्येक चाकाच्या सिलिंडरच्या माथ्यावर एक बारीक निपल ठेवलेले असते. माथ्यावर, कारण हवा वर चढते. यातील जुनी रीत दोघांची. एकाने आत बसून पेडल दाबावयाचे, दुसऱ्याने चाकापाशी ओणवे होऊन पाना फिरवावयाचा. "दाब, धर, सोड" हा पुकारा ज्याने मोटार-गॅरेजात एक दुपार घालविली आहे त्याच्या कानांत राहिलेला असतो. निपल मिटण्यापूर्वी पेडलवरचा पाय क्षणभर आधी उठला, की बाहेर गेलेली हवा पुन्हा आत. सारे काम पहिल्यापासून.

जुन्या खेळाच्या मोटारींत हे काम विशेष जिकिरीचे. एम. जी. मोटारींचे निर्माते सेसिल किंबर यांचा द्रवाच्या ब्रेकवर विश्वास नव्हता. १९२९ सालच्या त्यांच्या लहानग्या 'मिजेट'ला तारांचे ब्रेक होते. कंपनी १९३५ मध्ये मॉरिसच्या ताब्यात गेली, आणि १९३६ च्या 'टी. ए.' गाडीत लॉकहीडचे ब्रेक आले. किंबर यांचा संशय अगदीच अनाठायी होता असे नव्हे: तार तुटली तर डोळ्यांस दिसते, नळीतील बुडबुडा दिसत नाही. त्यातून अनेक ब्रिटिश गाड्यांत मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीखाली दडविलेले असे. गालिचा उचलून, भोकातून चाचपडत तेल ओतावे लागे. १९५३ मध्ये लमॉंच्या शर्यतीत जॅग्वारने चकतीचे ब्रेक लावून ताशी शंभर मैलांवर सरासरी राखली व शर्यत जिंकली. त्यानंतर ब्रेकची जात बदलली, पण हवेचे भांडण तेच राहिले.

काम सुलभ करण्याच्या युक्त्या कारखान्यांपेक्षा हौशी मालकांच्या गरजेतून अधिक फुलल्या. घरात मदतीला दुसरा माणूस नसे, हेच मुख्य कारण. निपलवर पारदर्शक रबरी नळी चढवून तिचे दुसरे टोक तेलाच्या बाटलीत बुडवावे, म्हणजे बुडबुडे दिसतात आणि हवा उलट शिरत नाही. नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप बसविली की एकटा माणूसही काम उरकतो. आणखी एक तोड अशी की जादा चाकातील हवा २० पौंडांखाली उतरवून तिचा दाब तेलाच्या डबीवर आणावयाचा: हवेनेच हवा हाकलावयाची! निपलपाशी पंप लावून शोषून घेण्याचीही रीत आहे. तीत मात्र निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा शिरते व बुडबुडे संपतच नाहीत, तेव्हा शिकाऊ माणूस हैराण होतो. सर्वांत स्वस्त रीत निपल उघडून तेल आपल्या वजनाने ठिबकू देण्याची. तिला लागतो तो फक्त वेळ. एक सूचना जुन्या गाड्यांसाठी आवश्यक आहे. पेडल तळापर्यंत रेटू नये. सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज धरलेला असतो आणि तो वॉशर कापतो. चांगला ब्रेक दुरुस्तीच्याच दिवशी बिघडतो, तो बहुधा असा.

हुबळी-धारवाडच्या मोटारवाल्यास या साऱ्याचे महत्त्व अधिक, ते पावसामुळे व घाटामुळे. नेहमीचे ब्रेक ऑईल हवेतील ओल शोषून घेते. प्रचलित प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर त्याच प्रतीची मर्यादा १४० पर्यंत खाली येते. धारवाडचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्यास ही ओल कोठून येते हे सांगावयास नको. अशी गाडी कलघटगी, यल्लापूर करीत कारवार-अंकोल्याच्या वाटेने अरबैल घाट उतरू लागली आणि चालकाने पाय ब्रेकवरून उचललाच नाही, की चाकापाशी तेल उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेच दबते. वर घट्ट लागणारे पेडल अर्ध्या घाटात तळाला टेकते. थोडा वेळ थांबून चाके निवू दिली तर ते पुन्हा वर येते, आणि म्हणून कित्येकांस वाटते की दोष नव्हताच.

जुने चालक ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरीत. जुनी मोटार हौसेने सांभाळणारे आज दर दोन वर्षांनी तेल बदलतात व त्याच वेळी हवा काढतात. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून करतात. तेल पिवळसर व स्वच्छ येऊ लागले की निपल आवळतात, वर रबरी टोपी बसवितात, आणि गाडी सपाट रस्त्यावर दोनदा थांबवून पाहिल्यावाचून घाटाकडे नेत नाहीत.